मताची किंमत कोण भरतं?



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५

श्रद्धात्रयविभागयोगात भगवंत तपाचे तीन प्रकार सांगतात. चौदाव्या श्लोकात शरीराचं तप, सोळाव्यात मनाचं, आणि मधल्या पंधराव्यात वाणीचं. या मधल्या श्लोकाचा साधा अर्थ असा: ऐकणाऱ्याला उद्वेग होणार नाही असं, खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं, आणि सोबत स्वाध्यायाचा अभ्यास, हे वाणीचं तप आहे.

मागच्या आठवड्यात एका वाचक मित्राचा मेसेज आला. प्रश्न सरळ होता: "ताई, आपण हरिपाठ करणारी माणसं. राजकारण, समाज, मोबाईल, एआय यावर आपण मत मांडावं का? मांडलं की भांडण होतं. नाही मांडलं तर वाटतं आपण पळपुटे आहोत."

बऱ्याच जणांच्या मनातला प्रश्न आहे हा. त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येणार नाही, पण शोधायला दूर जायचीही गरज नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्यातच पुष्कळ सापडतं.

आधी एक दुःखाची गोष्ट.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा गाव. आठवडे बाजाराचा दिवस. पाच भिक्षेकरी गावात आले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्याआधी कित्येक दिवस मोबाईलवर मेसेज फिरत होते की मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा. अनोळखी माणसं दिसली, संशय आला, जमाव जमला. त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. टोळी वगैरे काही नव्हतीच.

डवरी गोसावी म्हणजे नाथांचं नाव घेत गावोगाव फिरून भिक्षा मागणारे लोक. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि निवृत्तिनाथांकडून ज्ञानेश्वर माऊलींना जो उपदेश मिळाला, तो याच नाथ परंपरेतला. आपण रोज ज्या माऊलींचं नाव घेतो, त्यांच्याच गुरुघराण्याचं नाव सांगणारी ही माणसं. आणि त्यांचं मंगळवेढं म्हणजे चोखोबांचं, दामाजीपंतांचं, कान्होपात्रेचं गाव.

आता विचार करा. ते मेसेज पुढे पाठवणारे सगळे काय दुष्ट होते? मला नाही वाटत. बहुतेकांनी काळजीपोटी पाठवले असतील. 'आपल्या ग्रुपमधल्या आयांना कळू दे.' 'खरं-खोटं देव जाणे, पण सावध असलेलं बरं.' हेतू चांगलाच होता की! आणि मला इथेच भीती वाटते. वाईट हेतू आपल्याला ओळखता येतो, निदान दुसऱ्याचा तरी. चांगल्या हेतूनं पाठवलेल्या खोट्याला मात्र कुणी अडवत नाही.

त्याच वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरला होता. मोटारसायकलवर दोघे येतात, रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि पळून जातात. बघून अंगावर काटा यायचा. तो मुळात पाकिस्तानातल्या कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये मोटारसायकलवाले मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांसाठी संदेश दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. म्हणजे दिसणारं चित्र जसं चित्रित केलं तसंच होतं, फक्त शेवट नव्हता, आणि तेवढ्यानं अर्थ उलटा झाला. 'मी डोळ्यांनी बघितलंय' हे आपण पुरावा म्हणून सांगतो. पण गीतेला अपेक्षित असलेलं सत्य एवढ्यावर भागत नाही. अर्धं खरं हे सत्याच्या बाजूला धरता येत नाही.

२ जून २०१४ ला पुण्यात हडपसरला आपल्या सोलापूरचा, आयटीत नोकरी करणारा एक तरुण जमावाच्या मारहाणीत गेला. फेसबुकवर महापुरुषांची विटंबना करणारी चित्रं कुणीतरी टाकली होती. त्या तरुणाचा त्या पोस्टशी काहीही संबंध नव्हता. लिहिणारा एक, भडकवणारे दुसरे आणि मेला तिसराच. श्रद्धेच्या नावानं चाललेल्या रागाचं हे फळ आपण श्रद्धावान लोकांनी तरी नजर न चुकवता बघायला हवं.

राईनपाड्यानंतर त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. पुढे २०२० मध्ये, खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. चांगलं केलं. पण तिथले मेसेज पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कुणाला वाचता येत नाहीत, खुद्द कंपनीलाही नाही. म्हणजे काय खरं नि काय खोटं हे मधे कुणी तपासत नाही. ब्रेक शेवटी आपल्याच अंगठ्याला आहे. इतर ॲपचं तंत्र वेगळं. ज्या पोस्टवर लोक जास्त थांबतात, जास्त भांडतात, ती यंत्र आणखी लोकांना दाखवतं. यंत्राला सत्त्व-रज-तम कळत नाही. त्याला फक्त हालचाल कळते. आता तर कुणाचाही आवाज, कुणाचाही चेहरा बनवता येतो. त्यामुळे 'उद्वेग न करणारं' हे यंत्राला शिकवून भागणार नाही. ते तप माणसालाच करावं लागणार.

मग बोलूच नये का? गप्प बसून टाळ वाजवावेत?

मुळीच नाही. इथं एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. हा श्लोक तपाच्या प्रकरणात आला आहे, कायद्याच्या नाही. तप मी स्वतःवर घेते, ते दुसऱ्यावर लादता येत नाही. मी उपवास धरला तर ते तप, पण तुमच्या पुढचं ताट उचललं तर ती जबरदस्ती. 'गीतेत गोड बोलायला सांगितलंय' असं म्हणून घरातल्या सुनेचं, तरुण पोराचं किंवा अन्यायाबद्दल बोलणाऱ्याचं तोंड बंद करणं हा श्लोकाचा उलटा वापर आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला दोन मुलींना अटक झाली होती. एकीनं बंदविषयी फेसबुकवर मत लिहिलं होतं, दुसरीनं ते लाइक केलं होतं. ज्या कलम ६६अ वरून पुढे एवढी चर्चा झाली, ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. दुसऱ्याच्या बोलण्याचा त्रास झाला म्हणून त्याला कोंडायचं, याला वाणीचं तप म्हणत नाहीत. ते तप माझ्या जिभेसाठी आहे.

आणि आपले संत गप्प होते असं कुणी सांगितलं? चोखोबांनी विठ्ठलालाच जाब विचारला. तुकोबांनी ढोंगी लोकांना इतक्या सडेतोड शब्दांत सुनावलं की आजही वाचताना दचकायला होतं. मग 'प्रिय' आणि 'अनुद्वेग' कुठे गेलं?

याचं उत्तर मला पंढरपुरात सापडतं. १ मे ते १० मे १९४७. साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. मागणी एकच: विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुलं करा. आधी काही महिने ते महाराष्ट्रभर सभा घेत फिरले होते. त्यांच्या बोलण्यानं उद्वेग झाला नसेल? पुष्कळ लोक चिडले असणार. धर्म, समाज आणि राजकारण तिन्ही त्यात होतं. पण गुरुजींनी त्या मताची किंमत स्वतःच्या देहातून भरली. दुसऱ्याच्या घरावर दगड पडेल असं ते बोलले नाहीत, स्वतःचं अन्न सोडलं. आणि ज्यांच्याशी भांडण होतं त्यांचंही हित त्यात होतं, कारण देवाला कोंडून ठेवण्याच्या पापातून तेही सुटले. म्हणून मला ते वाणीचं तपच वाटतं.

मला यातून एक कसोटी मिळाली. मत मांडताना विचारायचं: याची किंमत कोण भरणार? राईनपाड्याच्या वेळी मेसेज पाठवणाऱ्यांना काहीच भरावं लागलं नाही. सगळी किंमत मंगळवेढ्याच्या लेकराबाळांनी भरली. गुरुजींच्या मताची किंमत गुरुजींनी भरली. आपण सोफ्यावर बसून एखाद्या जातीबद्दल, धर्माबद्दल, बाईबद्दल काही लिहितो, तेव्हा आपलं काय जातं? काहीच जात नसेल आणि दुसऱ्याचं सगळं जाणार असेल, तर थांबायला हवं.

सोळाव्या श्लोकानंतरच्या तीन श्लोकांत भगवंत याच तपाचे तीन रंग दाखवतात. फळाची इच्छा न धरता, श्रद्धेनं केलेलं ते सात्त्विक. सत्कार, मान, पूजा मिळावी म्हणून दिखाव्यानं केलेलं ते राजस. आणि हट्टानं स्वतःला छळून किंवा दुसऱ्याचा नाश व्हावा म्हणून केलेलं ते तामस. आपल्या पोस्टला हे लावून बघा. अगदी खरी, अगदी हिताची गोष्ट लिहिली आणि दर दोन मिनिटांनी किती लाइक आले ते बघत बसलो, तर ते राजस झालं. कुणाला तरी 'उघडं पाडायचंच' म्हणून खरं लिहिलं, तर ते तामसाकडे झुकलं. शब्द तेच असतात, मागची ओढ बदलते. म्हणून कमेंट वाचून कुणी सांगू शकत नाही की हे तप आहे की नाही. ते लिहिणाऱ्यालाच माहीत असतं.

आता ऐकण्याबद्दल. ज्यांच्या नावानं आपल्या गावात दर संक्रांतीला गड्डा भरतो, नंदीध्वज निघतात, त्या सिद्धरामेश्वरांची एक कथा 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात येते. सिद्धराम इथं, म्हणजे तेव्हाच्या सोन्नलिगेत, तळं आणि देवळं बांधत होते. अल्लमप्रभू आले आणि त्यांचा उल्लेख हिणवून, गवंडीकाम करणारा राम अशा अर्थानं केला. कामावरची माणसं भडकली, दगड मारू लागली. दगड त्यांना लागेनात. सिद्धराम स्वतः रागावून आले. त्यांचाही क्रोध अल्लमांपुढे शांत झाला. मग बोलणं झालं. एवढं मोठं लोकोपयोगी काम करणाऱ्या माणसाला अल्लमांनी विचारलं की या कामातला 'मी' कुठे गेला? सिद्धरामांनी ते ऐकून घेतलं, कल्याणला गेले, बसवण्णांच्या अनुभव मंटपात बसले.

कथेतले दगड कुणी मारले बघा. सिद्धरामांवर प्रेम करणाऱ्या, त्यांच्या बाजूच्या लोकांनी! आज आपल्या आवडत्या नेत्यावर, महाराजांवर, खेळाडूवर कुणी टीका केली की कमेंटमध्ये दगड घेऊन धावणारे आपणच असतो. टीका झेलायची ताकद मोठ्या माणसात असते, ती त्याच्या चाहत्यांत नसते. सिद्धरामांनी आधी राग केला, तरी शेवटी ऐकलं. म्हणून ते सिद्धरामेश्वर.

शेवटी श्लोकातला एक शब्द, जो आपण घाईत सोडून देतो: स्वाध्याय. बोलण्याच्या श्लोकात अभ्यास कशाला आला? मला वाटतं, कारण न वाचता, न तपासता बोललेलं सत्य असूच शकत नाही. लागलं तर तो योगायोग. आरक्षणावर मत आहे? निकाल वाचा. शेतीच्या कायद्यावर मत आहे? शेतकऱ्याशी बोला. एआयवर मत आहे? ते कसं चालतं ते थोडं तरी शिका. नाही वाचलं तर 'मला माहीत नाही' म्हणा. तेही सत्यच आहे आणि त्यानं कुणाला उद्वेग होत नाही.

आजचा अभ्यास छोटा आहे. आज दिवसभरात काहीही पोस्ट किंवा फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. हे कुठून आलं, मला माहीत आहे का? ज्याच्याबद्दल आहे त्याच्यासमोर उभं राहून मी हे म्हणेन का? आणि हे खोटं निघालं तर किंमत कोण भरेल? तिन्हींची उत्तरं मिळाली तर जरूर बोला, ठाम बोला, राजकारणावर बोला, समाजावर बोला. नाही मिळाली तर फोन खाली ठेवा आणि एक माळ जप करा. तुमच्या फॅमिली ग्रुपवर एखादा घाबरवणारा मेसेज आला, तर काकांना सगळ्यांसमोर अपमान न करता वेगळा फोन करून सांगा, "काका, हे खरं नाहीये ओ, डिलीट करा." हेही वाणीचंच तप आहे, आणि ते आज संध्याकाळपर्यंत करता येण्यासारखं आहे.

उद्या सोळावा श्लोक, मनाचं तप.

राम कृष्ण हरी.