पाचारण आणि घरचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात एका प्रभुवारी उपासना आटोपल्यावर एक बंधू आपल्या पत्नीसह आम्हांस भेटावयास आले. वय ४३ वर्षांचे; तालुक्याच्या गावी एका कचेरीत १८ वर्षे कारकुनी; पगार नियमित, मुले दोन, दोन्ही शिकत असलेली. हे बंधू तरुणपणापासून पदे रचतात व पेटीवर म्हणतात. आमच्या भागातील कित्येक खेड्यांत नाताळाच्या दिवसांत त्यांचीच पदे गाइली जातात. त्यांनी आम्हांस विचारले, "पाळकसाहेब, नोकरी सोडून उरलेले आयुष्य कीर्तन व पदरचना ह्यांस वाहावे असे मनात फार दिवसांपासून आहे. हे देवाचे पाचारण समजावे की मोह?"

आम्ही उत्तर देण्याची घाई केली, हे येथे कबूल करतो. लेकरांच्या ताटातला घास काढून गाणे गाणे हा मोहच होय, असे आम्ही तत्काळ म्हणालो. बंधू मान खाली घालून उठले. त्यांची पत्नी मात्र बसून राहिली. ती म्हणाली, "साहेब, ह्यांचे चुकते की बरोबर, हे आपण सांगितलेत. पण मला काय वाटते, ते ह्यांनीही विचारले नाही आणि आपणही नाही."

त्या बाईंचे बोलणे आमच्या मनातून गेले नाही. असा प्रश्न पुष्कळ घरांत निघतो, आणि आमचे उपदेशक बंधूही त्यास आमच्यासारखेच घाईने उत्तर देतात. म्हणून आम्ही जो विचार केला तो वाचकांपुढे मांडतो.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, कलेचे काम म्हणजे रिकामपणाचा उद्योग, ही समजूत शास्त्राच्या आधाराची नव्हे. निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात देवाने बसालेलास नाव घेऊन बोलाविले व आपल्या आत्म्याने भरले, ते सोने, रुपे, पितळ, हिरे व लाकूड ह्यांवर कारागिरी करण्यासाठी. मोशेस जसे पाचारण होते तसेच ह्या कारागिरासही होते. तेव्हा आमच्या बंधूची इच्छा मोहच असली पाहिजे, असे आम्ही म्हणावयास नको होते.

परंतु पाचारण खरे असले, तरी त्याच्या खर्चाचा प्रश्न उरतोच. ह्याविषयी आपल्याच महाराष्ट्रातील एका गृहस्थाचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. धुंडिराज गोविंद फाळके, ज्यांस लोक दादासाहेब म्हणतात, ह्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. चित्रकला, छायाचित्रे व छापकाम ह्यांत त्यांचे आयुष्य गेले होते. १९११ साली छापखान्यातील भागीदारी सुटलेली असता मुंबईत गिरगावात त्यांनी आपल्या प्रभूच्या चरित्राचा एक मूक चित्रपट पाहिला. त्यांचे वय तेव्हा चाळिशीच्या पुढे गेले होते. हाती कसब होते, दुसरा छापखाना उभारणे अवघड नव्हते. परंतु ह्या देशात अशीच चित्रे निर्माण करावी, ह्या एका विचाराने त्यांस ग्रासले. प्रभूचे चरित्र पाहून त्यांस आपल्या पुराणांतील कथांची आठवण झाली, ह्याचा कोणास खेद वाटेल. आम्ही त्यांस आपल्यांत ओढीत नाही. पण प्रभूने ह्या युगाच्या लोकांचे चातुर्यही शिकण्याजोगे मानले, हे लूकाच्या १६ व्या अध्यायात आपण वाचतो.

फाळक्यांनी काय केले ते पाहा. त्यांनी आंधळी उडी घेतली नाही. चित्रपटांचा अभ्यास इतका केला की डोळ्यांवर ताण पडून काही काळ दृष्टी अधू झाली. मग विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या आरंभी ते विलायतेस गेले, तेथे हे काम शिकले व यंत्र घेऊन परतले. परत आल्यावर मोठ्या कामास हात घालण्यापूर्वी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. त्याचा अंकुर फुटून वेल वाढेपर्यंत रोज थोडथोडी चित्रे घेतली, व ती दाखवून पैसे देणाऱ्याची खातरी पटविली. नंतर 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला व ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांपुढे आला. बुरूज बांधू इच्छिणारा आधी बसून खर्चाचा अंदाज करतो, असे जे प्रभूने लूकाच्या १४ व्या अध्यायात सांगितले, त्याचा हा नमुनाच होय.

परंतु हा बुरूज एकट्याने बांधिला नाही. त्यांची पत्नी सरस्वतीबाई हिने आपले दागिने ह्या कामी दिले. कोऱ्या फिल्मला कडेने भोके पाडण्याचे काम तिने अंधारात बसून केले, रसायने कालविली, आणि चित्रपटाच्या साऱ्या मंडळीचा स्वयंपाक तिच्याच हातचा होता. चित्रातील राजपुत्र रोहिदास झाला तो त्यांचाच मुलगा. पाचारण झाले एकास, आणि चूल, दागिने व लेकरू ही सर्व त्यात गेली. पुढे फाळक्यांनी पैसा मिळविला व घालविलाही. १९४४ साली नाशिक येथे ते वारले, तेव्हा घरात सुबत्ता नव्हती. म्हणून कोणी असे समजू नये की, पाचारण खरे असले म्हणजे शेवटी भरभराट होतेच.

आपल्या मंडळीतील उदाहरण तर अधिक जवळचे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी १९१७ साली, वयाच्या ५५ व्या वर्षी, मिशनचा पगार सोडिला व साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. दोन वर्षांच्या आत, ९ मे १९१९ रोजी, ते प्रभूकडे गेले. त्यांची भजने आपण आजही गातो. परंतु ज्याने लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचिली आहेत त्यास ठाऊक आहे की, टिळकांच्या प्रत्येक त्यागाच्या वेळी घरातील डबे कोणास मोजावे लागत होते. त्या बाईंनी हे हसतमुखाने लिहिले, म्हणून ते ओझे हलके होते असे नव्हे. आणि टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' शेवटी पुरे केले तेही लक्ष्मीबाईंनीच, ज्यांस अक्षरओळख लग्नानंतर झाली होती.

येथे आमच्या प्रश्नाचे मर्म आहे. मार्काच्या ७ व्या अध्यायात प्रभू अशा मनुष्याविषयी बोलतो की, जो आईबापांस म्हणतो, तुम्हांस माझ्यापासून जे मिळावयाचे ते मी कुर्बान, म्हणजे देवास अर्पण, केले आहे. अर्पण चांगले, पण जे दुसऱ्याच्या हक्काचे, ते त्यास न विचारता अर्पण करणे प्रभूस मान्य नाही. नवऱ्याचा पगार हा एकट्या नवऱ्याचा नव्हे. त्यात पत्नीची वर्षानुवर्षांची काटकसर आहे, म्हाताऱ्या आईचे औषध आहे, मुलांची फी आहे. तो देवास वाहावयाचा असेल तर ज्यांचा ज्यांचा त्यात वाटा आहे त्या सर्वांनी मिळून वाहावा.

कोणी म्हणेल, पेत्राने जाळी तात्काळ सोडिली, त्याने घरी विचारले नाही. खरे. पण मार्काच्या पहिल्याच अध्यायात पुढे वाचावे. जाळी सोडविणारा प्रभू लवकरच शिमोनाच्या घरी गेला आणि तापाने पडलेल्या त्याच्या सासूस हात धरून त्याने उठविले. जो बोलावितो तो घरही विसरत नाही. मग बोलाविलेल्याने विसरावे काय? पौलासही, सुवार्तेचे एवढे ओझे शिरावर असता, राहुट्या शिवण्यास लाज वाटली नाही.

तेव्हा ज्यास असे पाचारण वाटते त्याने तीन गोष्टी पाहाव्या. एक, ज्या कामासाठी नोकरी सोडावयाची ते काम नोकरीत असतानाच त्याच्या हातून होत आहे काय? जो फावल्या वेळी चार पदे रचीत नाही तो मोकळा झाल्यावर चाळीस रचील, ही आशा व्यर्थ आहे. दुसरी, घरच्यांपुढे सर्व हिशेब, कर्जासह, मांडिला काय, आणि त्यांस 'नाही' म्हणण्याची मोकळीक दिली काय? तिसरी, त्या कामाने कोणाचे तरी पोषण होते की केवळ आपले नाव होते?

आणि मंडळीनेही एक गोष्ट पाहावी. कीर्तन करणाऱ्या बंधूस आपण दूरच्या गावाहून बोलावितो, मध्यरात्रीपर्यंत गावयास लावितो, आणि निघताना चहा व नारळ देऊन पाठवितो. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, हे वचन आपण पाळकासाठी लावितो. मग गाणाऱ्यास का लावीत नाही? सेवा सर्वांनी घ्यावी आणि खर्च एका घराने सोसावा, हे न्यायाचे नव्हे.

ते उभयता अलीकडे पुन्हा आले होते. आम्ही प्रथम बाईंची क्षमा मागितली व त्यांचे मत विचारिले. त्या म्हणाल्या, "ह्यांनी गावे, अशी माझी इच्छा ह्यांच्याहून जुनी आहे. पण सोसायटीचे कर्ज आधी फिटू द्या." त्यांनी एक वही आणिली होती. दोन वर्षांत कर्ज फेडावे, तोवर बंधूंनी नोकरी ठेवून केवळ शनिवारी व प्रभुवारी कीर्तनास जावे, आणि बाईंनी शिवणाचे काम वाढवावे, असे दोघांनी बसून ठरविले होते. दोन वर्षांनंतर काय होईल ते प्रभू जाणे. वहीच्या एका बाजूस बाईंच्या अक्षरात हप्त्यांचे आकडे होते व दुसऱ्या बाजूस बंधूंच्या अक्षरात एक नवे पद, अर्धे झालेले. आम्ही ती वही मेजावर ठेवून प्रार्थना केली, आणि ह्या वेळी दोघांचीही नावे घेतली.