वाक्य संपेपर्यंत

वही उघडा. चौकोनांची असली तर बरं. जपानी शाळांत निबंधासाठी जो गेंकोयोशी कागद वापरतात, त्यावर वीस ओळी आणि प्रत्येक ओळीत वीस घरं असतात. तसा कागद मिळाला नाही तर गणिताची चौकटीची वही चालेल. पेन्सिल हातात घ्या, पण लगेच लिहू नका. समोरचं एक घर आधी नुसतं पाहा.

आज एकच कांजी, म्हणजे जपानी लिपीतलं एकच चिन्ह लिहायचं आहे, ‘ऐकणे’ या अर्थाचं. बाहेर दोन फळ्यांचं दार आहे आणि दाराच्या आत कान. दाराच्या आठ रेघा, कानाच्या सहा. जपानमधली मुलं ही कांजी दुसरीत शिकतात. तुम्ही ती सोळाव्या-सतराव्या वर्षी शिकता आहात, त्यात कमीपणा नाही. या वयात हात स्थिर असतो आणि आपण काय करतो आहोत हे मनाला कळत असतं.

डावी फळी काढा, मग उजवी. रेघांचा क्रम ठरलेला आहे, तो मोडू नका. चौथ्या-पाचव्या रेघेलाच मन कानाकडे धावेल. धावू द्या, हाताने मात्र आपल्या जागी राहावं. आठवी रेघ झाली की थांबा आणि दाराच्या आत किती जागा उरली ते बघा. पहिल्या-पहिल्यांदा ती नेहमी कमी पडते. फळ्या रुंद होतात, कान दाटीवाटीने बसतो किंवा चौकोनाबाहेर डोकावतो. मग पुढच्या घरात पुन्हा लिहायचं आणि या वेळी दार काढतानाच कानाची आठवण ठेवायची.

एवढं हाताने लिहायचं कशाला, असं वाटेल. अमेरिकेतल्या हायस्कूलांत ‘जपानी भाषा आणि संस्कृती’ हा एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा, अभ्यासक्रम आहे. त्याची पहिली परीक्षा २००७ मध्ये झाली. ती संगणकावर होते. उच्चार टाइप करायचा आणि समोर आलेल्या यादीतून योग्य कांजी निवडायची. अभ्यासक्रमाची अपेक्षा सुमारे चारशे कांजींची. जपानमधल्या रोजच्या वापराच्या सरकारी यादीत २,१३६ आहेत. आकडे पाहून घाई सुटते आणि बरीच मुलं हाताने लिहिणं सोडून देतात. मला ते पटत नाही. संगणकावरच्या यादीतून निवडताना कांजी ओळखता आली की काम भागतं. लिहिताना तिच्या आतल्या जागेची काळजी घ्यावी लागते, आणि ही काळजी ज्याला जमली त्याला पुढची गोष्ट सोपी जाते.

पुढची गोष्ट ऐकण्याची. पेन्सिल खाली ठेवा. मनात कुणाचा तरी आवाज आणा. शिक्षकांचा चालेल, धड्याच्या रेकॉर्डिंगमधला चालेल. तो आवाज सावकाश म्हणतो आहे, ‘वाताशि वा आशिता इकि...’ मी उद्या जा... इथे थांबा. पुढे ‘मासु’ आलं तर जाणार, ‘मासेन’ आलं तर जाणार नाही. होकार आणि नकार, दोन्ही शेवटच्या टोकाला आहेत. वर्गातल्या इंग्रजीभाषक मुलांना हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. मराठी घरात वाढलेल्यांना, मग ते घर न्यू जर्सीत असो की पुण्यात, हे जन्मापासून माहीत असतं. आपलं ‘नाही’सुद्धा वाक्याच्या शेवटीच येतं. आपण ते इतकं सहज ऐकतो की आपण थांबलो होतो हे आपल्या लक्षातही येत नाही. आज ते थांबणं लक्षात घ्या.

थांबायचं म्हणजे गप्प बसायचं असं मात्र नाही. जपानी बोलण्यात ऐकणारा मध्ये मध्ये ‘हाइ’, ‘ए’, ‘सो देसु का’ म्हणत राहतो. याला आइझुची म्हणतात. फोनवर तुम्ही अगदी शांत राहिलात तर पलीकडचं माणूस ‘मोशि मोशि?’ म्हणून तुम्ही आहात ना याची खात्री करून घेतं. आजीची गोष्ट आठवा. हुंकार थांबला की गोष्टही थांबायची. तो हुंकार म्हणजे संमती नव्हती, राक्षस बरोबर वागला असं काही आपण म्हणत नव्हतो. मी इथे आहे, पुढे सांग, एवढंच त्यात होतं. आइझुचीतला ‘हाइ’ही पुष्कळदा तेवढाच असतो. परक्या भाषेत तो योग्य जागी पडायला फार दिवस लागतात, कारण त्यासाठी बोलणाऱ्याचा श्वास कळावा लागतो.

तुमच्यापैकी कित्येक जण अ‍ॅनिमेमुळे या भाषेकडे आले असाल. ते प्रेम खरं आहे, ते जपा. फक्त तिथले नायक मित्रांशी आणि शत्रूंशी ज्या रांगड्या रूपात बोलतात, त्याच रूपात शिक्षकांशी बोलता येत नाही. समोर कोण आहे हे पाहून क्रियापद बदलतं. तू, तुम्ही आणि आपण यांतून रोज निवड करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागू नये. समोरच्याचं स्थान आधी ओळखायचं आणि मग तोंड उघडायचं, हेही ऐकणंच आहे.

अभ्यासक्रमाच्या नावात भाषेपुढे ‘आणि संस्कृती’ असं लिहिलेलं असतं. त्यामुळे किमोनो, चहाचा समारंभ आणि साकुरा यांचा एक वेगळा धडा असतो असं वाटतं. तो धडाही सुंदर आहे, तो वाचाच. पण संस्कृती तुम्ही पहिल्या दिवसापासून शिकता आहात. वाक्य संपेपर्यंत थांबलात तेव्हा शिकलात, ‘हाइ’ योग्य जागी म्हणालात तेव्हाही शिकलात.

आता शेवटचं आणि सगळ्यांत अवघड. तुम्ही कुणाला तरी रविवारी बरोबर यायला विचारलं आहे. समोरून उत्तर येतं, ‘निचियोबि वा चोत्तो...’ आणि पुढे काहीच नाही. ‘रविवार जरा...’ इथे क्रियापद येणारच नाही. नकार दिला गेला आहे आणि न उच्चारलेलं ते क्रियापद तुम्ही ऐकावं अशी अपेक्षा आहे. ‘बघतो, जमलं तर’ हे आपण ऐकलंय. असं म्हणणाऱ्याचं मन राखायला आपण काय करतो? पुन्हा विचारत नाही, कारण मागत नाही, विषय बदलतो. एपीच्या संभाषणात प्रत्येक उत्तराला वीस सेकंद मिळतात. पुण्यातही होणाऱ्या जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत तर रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात. आज मात्र तुमच्यावर घड्याळ नाही. तो अर्धा राहिलेला आवाज पुन्हा मनात आणा, आणि त्या माणसाला अवघडल्यासारखं होणार नाही असं एक जपानी वाक्य स्वतः रचून बघा.