दुकानापुढचा माठ

नागपूरच्या गांधीबागेत कापडाचं दुकान असलेल्या माणसाला पाण्याचं पुण्य फार स्वस्तात पडतं. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला दारात दोन माठ मांडायचे, ओलं फडकं गुंडाळायचं, साखळीला पेला बांधायचा. एप्रिल-मे म्हणजे ऐन लगनसराई. पारा 45 च्या आसपास, नवतप्यात कधी त्याच्याही वर. गठाणी वाहणारे हमाल, रिक्षावाले, बस्ता बांधायला आलेली खेड्यावरची मंडळी थांबतात, पितात, "मस्त थंडं हाय भाऊ पाणी" म्हणून पुढे जातात. ते ऐकायला मला आवडतं. जरा जास्तच आवडतं.

माठ दारात आहे, कारण तो तिथे चारचौघांना दिसतो. आत गल्ल्याशेजारी गिऱ्हाइकांसाठी गार बाटल्या असतात. घसा ओला झालेलं गिऱ्हाईक आणखी दोन साड्या बघतं, एवढा तो सरळ व्यवहार. या दोहोंच्या मधल्या जागेत माझ्याकडे कामाला असलेल्या मुली सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्या असतात. पाणी पिऊ नका असं त्यांना कुणी म्हटलेलं नाही. तरी त्या पीत नाहीत. का पीत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. दुकानात संडास नाही. पुरुष कुठेतरी आडोसा गाठतात. मी स्वतः दुपारी जेवायला घरी जातो. त्यांनी कुठे जायचं?

आपलं विदर्भाचं ऊन कोरडं. घाम आला तसा वाळतो, अंग ओलं होत नाही, म्हणून शरीरातलं किती पाणी गेलं त्याचा पत्ता लागत नाही. मग मूत्रपिंडं उरलेलं पाणी धरून ठेवतात, लघवी गडद पिवळी होते, आग होते. उन्हाळी लागली, असं घरातली म्हातारी माणसं म्हणतात. हेच रोज चाललं, वर लघवी तासन्‌तास दाबून ठेवली, की जंतुसंसर्ग आणि मुतखड्याला वाट मिळते. माझ्यासमोर मात्र हे नावानिशी कधी येत नाही. "शेठजी, पोट दुखून राहिलं, जाऊ का घरी?" एवढंच येतं. मी हो म्हणतो. त्या हो म्हणण्याचीही मी मनात उदारपणा म्हणून नोंद केलेली आहे, हे इथे लिहिताना बरं वाटत नाही.

लघवी फिकी राहील इतकं पाणी प्या, घाम फार गेला तर नुसत्या पाण्यावर भागवू नका, मीठ घातलेलं ताक घ्या, पन्हं घ्या. हा सल्ला बरोबरच आहे आणि मी तो सगळ्यांना देत असतो. पण तो पाळायला आधी जाण्याची जागा लागते. 2013 मध्ये अहमदाबादने उष्णतेचा कृती आराखडा केला, मागोमाग नागपुरातही झाला. भर दुपारी उन्हात जाऊ नका, पाणी पीत राहा, हे आता दर उन्हाळ्यात ऐकू येतं. पंख्याखाली सावलीत उभी असलेली विक्रेती उन्हाची रोगी म्हणून कुणाच्या ध्यानातच येत नाही.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह दोन्हींची सोय मालकाने करावी असं आहे. पण 2025 पर्यंत तो लागू होत होता दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी. माझी माणसं दहाच्या आत. हे कळलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. विचार करतो तो त्या हायसं वाटण्याचा. दहावा माणूस कामावर ठेवला की मुलींच्या शरीरात असा काय फरक पडणार होता?

जागा नाही, हे आमच्या बाजारातलं ठरलेलं उत्तर. या गल्ल्यांत ते पुष्कळदा खरंही असतं. शेजारच्या तीन-चार दुकानदारांनी मिळून एक संडास बांधायचं म्हटलं तर खर्च वाटला जाईल. रोज साफ कोण करणार आणि किल्ली कुणाकडे राहणार, यावर मात्र वर्षभर बैठका चालतील. माझ्यापुरतं बोलायचं तर वरच्या माळ्यावर मोरीची जागा आहे, नळही आहे. तिथे गेल्या दिवाळीचा न खपलेला माल रचून ठेवला आहे.