यात्रिक की प्रेक्षक?

तीर्थाच्या ठिकाणी गेलेला मनुष्य यात्रिक केव्हा होतो आणि नुसता प्रेक्षक केव्हा राहतो, हा प्रश्न वरवर पाहता सोपा आहे. ज्या देवावर आपली श्रद्धा त्याच्या दारी आपण यात्रिक, आणि ज्या देवाशी आपला संबंध नाही त्याच्या दारी आपण प्रेक्षक, असे उत्तर कोणीही देईल. मीही एकदा तेच उत्तर दिले. त्या उत्तराने एका वृद्ध स्त्रीचे जोडलेले हात खाली आले, आणि तेव्हापासून हा प्रश्न मला सोपा वाटेनासा झाला आहे.

अनुवादाच्या कामानिमित्त माझे वास्तव्य चेन्नईत असते. गेल्या हिवाळ्यात कोकणातील काही मंडळी रामेश्वरास जाताना दोन दिवस येथे उतरली होती. भाषेची अडचण पडू नये म्हणून त्यांच्याबरोबर हिंडण्याचे काम माझ्याकडे आले. मैलापूरच्या कपालीश्वराचे दर्शन झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परंगिमलैवर गेलो. परंगिमलै म्हणजे आपल्या भाषेत फिरंग्यांचा डोंगर. विमानतळाजवळ सुमारे तीनशे फूट उंचीची ही टेकडी आहे. ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी थॉमस याला इ. स. ७२ मध्ये येथे हौतात्म्य आले, अशी परंपरा आहे. इतिहासकार या बाबतीत एकमत नाहीत. परंतु या संताच्या नावाने येथे होणारी यात्रा फार जुनी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने लिहून ठेवले आहे की या संताच्या समाधीस ख्रिस्ती लोक येतात तसेच मुसलमानही येतात. टेकडीवरील आजचे मंदिर मूळ पोर्तुगीजांनी १५२३ साली बांधले. १५४७ साली तेथे खोदकामात एक पाषाणाचा क्रूस सापडला. त्याच्याभोवती पहलवी लिपीतील अक्षरे कोरलेली असून त्यांच्या वाचनाविषयी पंडितांत आजही मतभेद आहेत.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल की मी त्या अक्षरांत रमलो. ज्याने आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे जुन्या पोथ्यांच्या संगतीत घालवली, त्याच्या दृष्टीस दुसरे काय पडणार? मंडळींना मी पहलवी लिपीची माहिती सांगू लागलो. एक तरुण प्रार्थनेत बसलेल्या एका तमिळ बाईच्या अगदी पाठीशी उभा राहून स्वतःचे छायाचित्र काढीत होता. मी त्याला हटकले नाही. इतक्यात मंडळींतील एक आजी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, ही माय कोण हो?"

मी सांगितले, "ही ख्रिस्ताची माता मेरी. मूल जन्मास यायचे आहे आणि आई त्याची वाट पाहत आहे, त्या रूपात तिला येथे मानतात. १८ डिसेंबरला तिचा उत्सव असतो."

आजींची नात त्या वेळी गरोदर होती. तिचे दिवस भरत आले होते, आणि रामेश्वराची यात्राही तिच्याचसाठी बोललेली होती. आजींनी हात जोडले, मग काहीशा संकोचाने विचारले, "इथं माथा टेकला तर चालेल का?"

मी म्हणालो, "आजी, आपण इथे बघायला आलो आहोत. दर्शन रामेश्वरी करायचे. चला, उशीर होतो आहे." त्यांचे हात खाली आले.

टेकडी उतरताना माझे मन समर्थने शोधू लागले. शास्त्राभ्यास केलेल्या माणसाला समर्थनांचा तोटा नसतो. श्रद्धेवाचून केलेला नमस्कार हा दंभ होय, आणि दंभाची गणना गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीत केली आहे, हे पहिले समर्थन. तिसऱ्या अध्यायात परधर्म भयावह म्हटला आहे, हे दुसरे.

पहिले समर्थन क्षणभरही टिकले नाही. दंभ म्हणजे नसलेल्या भावाचे प्रदर्शन. आजींचा भाव होता, आणि प्रदर्शन तर त्या टाळीतच होत्या. श्रद्धा नव्हती ती माझ्या ठिकाणी, आणि माझ्या अभावाचे माप मी त्यांना लावले होते. सतराव्या अध्यायात श्रद्धा ज्याच्या त्याच्या स्वभावाला अनुसरून असते असे सांगितले आहे. मग एकाच्या श्रद्धेचा निर्णय दुसऱ्याने कसा द्यावा?

दुसरे समर्थन अधिक विचार करण्यासारखे आहे, कारण पुष्कळ सज्जन ते मनापासून मानतात. परंतु तिसऱ्या अध्यायातील प्रसंग पाहा. अर्जुनापुढे प्रश्न होता तो आपले प्राप्त कर्तव्य टाकून दुसऱ्याचे कर्तव्य स्वीकारण्याचा. 'धर्म' या शब्दाला आज आपण जो पंथ किंवा संप्रदाय असा अर्थ देतो, तो तेथे लावला की वाक्य आपल्या सोयीचे होते. पण तो अर्थ त्या प्रसंगाचा नव्हे. शब्दांच्या अर्थाची काळजी वाहणे हेच माझे काम असून ही चूक मी केली, याची मला अधिक लाज वाटते.

याच्या उलट दुसरे एक टोक आहे, आणि तेही मला मान्य नाही. सर्व देव एकच, तेव्हा कोठेही हात जोडावे, कोठेही प्रसाद घ्यावा, असे म्हणणारे लोक उदार दिसतात. पण सगळे एकच आहे असे म्हणून मोकळा होणारा मनुष्य पुष्कळदा कशाकडेच नीट पाहत नाही. ख्रिस्ती उपासनेत अखेरीस जी पवित्र भाकर दिली जाते, ती त्या धर्माची दीक्षा घेतलेल्यांसाठी असते. आपला मनुष्य ती प्रसाद समजून घ्यायला पुढे होतो. त्याचा हेतू वाईट नसतो. परंतु यजमानाच्या घरातील मर्यादा त्याने ओलांडलेली असते. आपल्या शास्त्रांनी अधिकाराचा विचार इतक्या सूक्ष्मपणे केला आहे. दुसऱ्याच्या घरीही अधिकाराचा विचार असू शकतो, एवढे आपण समजून घ्यायला हवे.

म्हणून नमस्कार आणि उपासना या दोहोंत भेद केला पाहिजे. उपासनेत मनुष्य एक मार्ग पत्करतो आणि त्याची बंधने स्वीकारतो. नमस्कारात तो एवढेच कबूल करतो की माझ्यापुढे माझ्याहून मोठे असे काही आहे. परक्या घरी गेल्यावर तेथील वृद्धांना आपण वाकून नमस्कार करतो. त्यामुळे आपले गोत्र बदलत नाही. वांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेत हिंदू कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जातात, मेणबत्ती लावतात आणि घरी येऊन आपल्या देव्हाऱ्यापुढे दिवा लावतात. त्यांच्या निष्ठेला त्यामुळे धक्का लागल्याचे दिसत नाही.

तेव्हा यात्रिक आणि प्रेक्षक यांतील भेद श्रद्धेच्या नावावरून ठरत नाही. तो कशावरून ठरतो? शब्दच थोडे साहाय्य करतात. 'पर्यटन' या शब्दात 'परि' म्हणजे सभोवार आणि 'अट्' म्हणजे हिंडणे. पर्यटक वस्तूच्या भोवती हिंडतो. 'तीर्थ' हा शब्द 'तॄ' म्हणजे तरून जाणे या धातूपासून आला आहे. तीर्थ म्हणजे उतार, नदी ओलांडण्याची जागा. काठावर उभे राहून प्रवाहाचे कितीही सूक्ष्म वर्णन केले, तरी पाय ओले होत नाहीत. त्या सकाळी लिपीचे वर्णन करणारा मी काठावर होतो. आजी पाण्यात उतरू पाहत होत्या.

पूर्वी हा भेद वाटच करीत असे. ग्रीस देशात मेटेओरा येथे उभ्या कड्यांच्या माथ्यावर सनातन ख्रिस्ती संप्रदायाचे मठ आहेत. तेथे जाण्यास एके काळी दोरीच्या शिड्या नाहीतर वर ओढून घेण्याची जाळी एवढेच साधन होते. जाळीत बसताना प्रत्येकाला स्वतःला विचारावे लागे की मी वर कशासाठी चाललो आहे. १९२० नंतरच्या दशकात खडकात पायऱ्या खोदल्या गेल्या, आणि आता तेथे जगभरातून प्रवाशांची रीघ लागते. पायऱ्या झाल्या हे चांगलेच झाले, वृद्धांना व दुर्बलांना वाट मिळाली. पण वाट जो प्रश्न विचारीत असे तो आता ज्याने त्याने स्वतःला विचारायचा आहे. तुर्कस्तानात ट्रॅब्झॉनजवळ कड्याला बिलगलेला सुमेला मठ आहे. १९२३ साली तेथील साधूंना तो सोडावा लागला, आणि पुढे त्याचे संग्रहालय झाले. २०१० साली प्रथमच १५ ऑगस्टच्या उत्सवास तेथे उपासनेची अनुमती मिळाली. भिंतीवरची चित्रे तीच, कडा तोच. परंतु इतर दिवशी जे चित्र पाहिले जाते, त्याच्यापुढे त्या दिवशी लोक हात जोडून उभे राहतात. पालट होतो तो पाहणाऱ्यात.

परंगिमलैच्या पायऱ्यांचेही असेच आहे. पेट्रस उस्कान नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याने यात्रेकरूंसाठी त्या बांधविल्या, आणि वाटेत अड्यार नदी आडवी येते म्हणून १७२६ साली तिच्यावर पूलही बांधविला. त्या पुलावरून पुढे शतकानुशतके सगळे मद्रास गेले. पूल कोणाला धर्म विचारीत नाही. एका परदेशी व्यापाऱ्याने जी वाट सर्वांना मोकळी करून दिली, तिच्या शेवटच्या पायरीशी मी एका आजीला अडवले.

संध्याकाळी धर्मशाळेत मी आजींची क्षमा मागितली. त्या निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "अहो शास्त्रीबुवा, मी खाली उतरल्यावर केला की नमस्कार. माय काय नुसती वरच बसलीय?" आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

त्यांचे काहीच अडले नव्हते, ही गोष्ट मला दोषमुक्त करीत नाही. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना आरंभ अमानित्वापासून केला आहे; लिपिज्ञानाचे नाव त्या मालिकेत कोठेही नाही. मला ती मालिका लहानपणापासून मुखोद्गत आहे. आजींना ती पाठ असण्याचे कारण नाही, आणि गरजही नाही.

परक्या तीर्थी जाण्याचा प्रसंग आता पुष्कळांना येतो. तेथे भाव नसेल तर हात जोडलेच पाहिजेत असे नाही. निश्चल उभे राहणे हाही आदरच आहे. जे त्या घरच्यांसाठी राखलेले आहे ते मागू नये. प्रार्थनेत असलेल्या मनुष्याला दृश्य समजू नये, आणि कोणी समजत असेल तर त्याला सौम्यपणे थांबवावे. मी थांबवले नाही. आणि आपल्या शेजारी कोणाचे हात जोडले जात असतील, तर निदान आपल्या विद्येने ते खाली आणू नयेत.