शेजाऱ्याचे पोर

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. सज्जन, हिशेबी, कर वेळेवर भरणारे. दोन्ही मुलांना त्यांनी पदरचे पैसे घालून खाजगी शाळेत शिकविले. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "माझी मुले मी शिकविली. आता शेजाऱ्याच्या पोराची शाळाही मीच का चालवावी?"

या प्रश्नाला आपण सहसा दयेने उत्तर देतो. गरिबाचे लेकरू आहे, शिकू द्या, पुण्य लागेल! मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. दया ही देणाराच्या मर्जीची गोष्ट. एखाद्या साली त्याने हात आखडता घेतला, तर पाच वर्षांच्या मुलाला असे थोडेच सांगता येते, की बाबा रे, तू यंदा थांब आणि पुढल्या वर्षी पुन्हा पाच वर्षांचा हो!

प्रश्न काही आजचा नव्हे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले, तेव्हा त्यांनी दया मागितली नाही, हिशेब मांडला. सरकारचा महसूल येतो तो मुख्यतः रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हे त्यांनी दाखवून दिले. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, असे त्यांचे मागणे होते. म्हणजे 'दुसऱ्याच्या पोराचा खर्च मी का सोसू?' असे विचारण्याचा पहिला अधिकार खरे तर त्या काळच्या शेतकऱ्याचा होता.

पुढे १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते किती नेमस्त! सक्ती लागू करावी की नाही, हेही त्यांनी स्थानिक संस्थांवर सोपविले होते. तरीसुद्धा १९१२ साली ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. पैसा कोठून आणावयाचा, ही त्या वेळची एक हरकत होती. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९१७ साली, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. कोल्हापूरची तिजोरी हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीहून मोठी होती, असे कोणी म्हणणार नाही. 'पैसा नाही' या म्हणण्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की पैसा दुसऱ्या कामासाठी राखून ठेवलेला आहे.

मग त्या गृहस्थांना सांगावे तरी काय? आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. माणूस जन्मतो तो देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण डोक्यावर घेऊनच. यांपैकी ऋषिऋणाचा मी अलीकडे फार विचार करतो. ज्यांनी पहिले अक्षर घडविले, ज्यांनी शून्य शोधले, त्यांचे देणे त्यांना परत कसे करणार? धनको केव्हाच निघून गेला. कर्ज तेवढे राहिले. तेव्हा ते फेडावयाचे ते मागून येणाराला. आणि स्वतःच्या मुलाला शिकविले म्हणजे ते फिटले, असेही मला वाटत नाही. ते या खिशातले त्या खिशात घालणे झाले. शेजाऱ्याच्या पोरासाठी दिले, तेव्हा कोठे फेडीला सुरुवात होते.

यावर एक आक्षेप मात्र खरा आहे. दिलेला पैसा मुलापर्यंत पोहोचतो का? गळके छप्पर आणि दोन-दोन इयत्तांना मिळून एकच शिक्षक अशा शाळा आपण पाहिलेल्या आहेत. हिशेब जरूर मागावा. पण ज्यांचा शब्द चालतो, त्यांनी आपली मुले तेथून काढून घेतली. मग त्या छपराविषयी बोलणार कोण? आपले मूल तेथे नसले तरी शाळा आपलीच आहे, असे समजून जो हिशेब मागतो, त्याच्या मागण्याला वजन येते.

हे झाले सहा वर्षांपुढील मुलांचे. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला. सहाच्या आतल्यांसाठी २००२ च्या घटनादुरुस्तीने राज्याने 'प्रयत्न करावा' एवढेच म्हटले आहे. वास्तविक पाया त्याच वयात भरला जातो, हे ताराबाई मोडकांनी केव्हाच ओळखले होते. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. आदिवासी मुले बालवाडीत येत ना, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. १९७५ साली २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून हे नाव देशभर गेले.

आता त्या अंगणवाडीतल्या सेविकेकडे पाहा. ती मुलांना जेवू घालते, वजने घेते, गाणी शिकविते, नोंदवह्या भरते. तिला मिळते ते मात्र पगार नव्हे, 'मानधन'! देण्याला मोठे नाव दिले की रक्कम लहान ठेवता येते. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला; मानधन हेही त्या कायद्यापुरते वेतनच होय, असे सांगितले. पण त्यासाठी त्यांना त्या दारापर्यंत जावे लागले.

शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, असे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने म्हटले. २०२० च्या धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. मधल्या पन्नासांहून अधिक वर्षांत तो गाठला गेला नाही. हा हप्ता थकलेला आहे, आणि थकबाकीदारांत तुम्हीआम्ही सारेच आलो.

दिवाळीला राज्य सरकार सेविकांना २००० रुपयांची भाऊबीज भेट देत आले आहे. भावाने बहिणीला ओवाळणी घालू नये, असे कोण म्हणेल? ती अवश्य घालावी. फक्त बहिणीचे घेणे आधी चुकते करावे, आणि मग ताटासमोर बसावे.