आधी वल्हं मारा



वर्षावास संपला. तीन महिने आपण दर रविवारी या विहारात जमलो, बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन केले, त्यावर मी बोललो आणि आपण ऐकून घेतले. आज ग्रंथ उघडणार नाही. गेल्या रविवारी आपल्यापैकी चौदा जण पवनेच्या जलाशयावर गेले होते. तिथे काय घडले याची कुजबुज वस्तीत चालू आहे, ती माझ्याही कानी आली आहे. वर्षावासाच्या शेवटी पवारणेला प्रत्येक भिक्खू संघापुढे हात जोडून विनंती करतो, की माझे काही चुकलेले कुणी पाहिले असेल, ऐकले असेल, नुसती शंका आली असेल, तरी मला सांगावे. मी भिक्खू नाही, साधा बौद्धाचार्य आहे. पण चूक माझी आहे, तेव्हा ती माझ्याच तोंडून ऐका.

आम्ही भल्या पहाटे देहूरोडहून निघालो. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी जिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली त्या विहारात वंदना केली आणि पवनमावळाचा रस्ता धरला. प्रथम बेडसे लेणी पाहिली. कार्ल्याला गर्दी, भाज्याला गर्दी. बेडशाला मात्र आमच्याशिवाय कुणी नव्हते. लेण्याचे तोंड पूर्वेला आहे. उगवते ऊन चैत्यगृहाच्या उंच खांबांवर, त्यावरच्या हत्ती-घोड्यांवर पडले होते. पण मी मुलांना आधी बाहेरचे पाण्याचे टाके दाखवले. त्यावर ब्राह्मी लिपीत लेख आहे. सामडिनिका नावाच्या एका महारठिणीने ते टाके दान दिले, असे तो लेख सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वी एक स्त्री डोंगरात पाणी साठवून देते, आणि त्या पुण्यकर्माखाली आपले नाव कोरून ठेवते. कुणी प्यावे आणि कुणी पिऊ नये, याची यादी तिने कोरलेली नाही.

त्याच सह्याद्रीच्या पलीकडच्या अंगाला महाड आहे. २० मार्च १९२७ रोजी तिथे काय झाले हे या विहारातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे, ते मी पुन्हा सांगत बसत नाही. मला वेगळेच विचारायचे आहे. आपल्यापैकी किती जणांना पोहता येते? त्या दिवशी टाक्याजवळ उभे राहून मी हाच प्रश्न केला. चौदा जणांत पाच हात वर झाले. खेड्यातला मुलगा पोहायला कुठे शिकतो? विहिरीत, पाठीला सुक्या भोपळ्याची जोडी बांधून, काका-मामाच्या हाताखाली. ज्यांना विहिरीच्या काठाला शिवू दिले नाही, त्यांना विहिरीत उडी कोण मारू देणार? माझ्या वडिलांना पोहता येत नव्हते. मलाही येत नाही. पाण्याचा हक्क मिळून इतकी वर्षे झाली, पण पाण्याची विद्या आपण मिळवलेली नाही. म्हणून तर मी मुलांना म्हणालो होतो, की यंदा सहल नुसती लेण्यांवर संपवायची नाही, पाण्यावर उतरायचे. हेतू चांगला होता. चांगला हेतू माणसाला किती आंधळा करू शकतो, ते पुढे पाहा.

पवनेचा जलाशय आपण गाडीतून पाहिला असेल. उत्तरेला लोहगड-विसापूर, पूर्वेकडे तिकोना, दक्षिणेला तुंग, आणि मध्ये डोंगरांच्या बोटांमधून शिरलेले पाणी. पिंपरी-चिंचवडच्या नळांना येते ते हेच पाणी. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी धरण झाले आणि पवनमावळातल्या शेतकऱ्यांची घरे-शेते त्याखाली गेली. आज काठाला तंबूंच्या रांगा आहेत, रात्री मोठ्याने गाणी लागतात, सकाळी बाटल्या पडलेल्या असतात. ज्याचे शेत बुडाले त्याचाच मुलगा शहरातल्या माणसांना चहा देतो. आम्हाला नावा देणारे मामा असेच. पाण्याकडे बोट करून म्हणाले, “त्या तिथं आमचं खळं होतं.” एवढेच, आणि पुढच्या कामाला लागले.

नावा म्हणजे कयाक. ही मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची शिकारीची नाव. लाकडा-हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून करीत. आता प्लॅस्टिकची मिळते. एका नावेत दोघे, पुढे-मागे. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारायचे. मामांनी प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहिले आणि चार गोष्टी सांगितल्या. लाट आली तर नावेचे तोंड लाटेकडे करा, आडवे राहू नका. नाव उलटली तर नाव सोडू नका, धरून राहा, ती बुडत नाही. गडगडलं की जवळचा काठ गाठा, कोणता ते बघू नका. आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “गुरुजी, दोनच्या आत माघारी या. परतीच्या पावसाचे दिवस आहेत. दुपारच्याला तिकोन्याकडनं ढग उठतो, आणि उठला की दम खात नाही.”

साडेदहाला निघालो तेव्हा पाण्यावर धुके होते. तुंग नुसता सावलीसारखा दिसत होता. अर्ध्या तासात धुके विरले, आश्विनातले कडक ऊन पडले, पाणी आरशासारखे झाले. ज्या मुलांनी आयुष्यात कधी वल्हे धरले नव्हते ती गाणी म्हणत सरळ रेषेत चालली होती. मी पुढच्या बैठकीवर, माझ्या मागे आपल्या वस्तीतला बारावीचा मुलगा. आम्हाला वाटले, काय सोपे आहे! पाठीवर मंद वारा होता आणि तोच आम्हाला नेत होता, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. पाठीवरचा वारा लागत नाही, कळत नाही. माणूस समजतो की हा माझ्या दंडाचा जोर.

पश्चिमेच्या काठाला लागलो, भाकरी-पिठले खाल्ले. दीड वाजला होता. उठायला हवे होते. पण समोर तेरा तरुण चेहरे, मागे असे पाणी, असा डोंगर. बोलणाऱ्या माणसाला याहून मोठा मोह कोणता? मी म्हटले, दहा मिनिटे बसू, त्रिशरण-पंचशील घेऊ. मग बोलू लागलो. विषय काय घेतला असेल? अप्रमाद. तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी भिक्खूंना जो शेवटचा उपदेश केला त्यात सर्व संस्कार व्ययधर्मी आहेत हे सांगितले आणि अप्रमादाने कार्य साधा असे बजावले, यावर मी बोलत होतो. सावध राहा, जागे राहा, असे तावातावाने सांगत होतो. दहाची चाळीस मिनिटे झाली. माझी पाठ पूर्वेला होती. तिकोन्यावर ढग चढत होता तो माझ्या पाठीमागे, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर.

नंतर मी एकेकाला विचारले. ढग जवळजवळ सगळ्यांनी पाहिला होता. मग कुणी बोलले का नाही? “गुरुजी बोलत होते, मध्येच कसं थांबवायचं?” फक्त नर्सिंग शिकणारी आपली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “काका, आभाळ भरून आलंय, निघू या.” आणि मी, कालामांना तथागतांनी काय सांगितले ते या आसनावरून कितीदा शिकवणारा मी, तिला हाताने खाली बसण्याची खूण केली. गुरू म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पाहा आणि तपासा, हे केसपुत्ताच्या लोकांना सांगितले गेले. ती मुलगी स्वतः पाहत होती. ज्याचे पाहायचे राहिले तो गुरू होता.

निघालो तेव्हा अडीच वाजायला आले होते. निम्म्या पाण्यात पोचलो आणि वारा समोरून आला. सकाळी जो पाठीवर हात ठेवून चालला होता तो आता छातीवर दोन्ही हात देऊन मागे लोटत होता. ऊन कुणी विझवल्यासारखे गेले, पाणी शिशासारखे काळपट झाले, लाटांवर पांढरे फेस उठले. वल्हे मारावे तर नाव जागच्या जागी. थांबावे तर मागे. विसापूरच्या अंगाला पहिला गडगडाट झाला.

आता लाज वाटते तो भाग सांगतो. माझे हात थांबले. वल्हे मांडीवर आडवे घेतले, डोळे मिटले आणि मी मोठ्याने वंदना म्हणू लागलो. मनात काय होते ते खोटे सांगणार नाही. ती वंदना नव्हती, तो धावा होता. ज्या देवाला आम्ही १९५६ साली सोडले, त्याच्या रिकाम्या जागेवर मी तथागतांना उभे करून हाका मारीत होतो. मागून त्या बारावीच्या पोराचा आवाज आला, “काका, आधी वल्हं मारा!”

दीघनिकायात तेविज्ज नावाचे सुत्त आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांना तथागत विचारतात, की अचिरवती नदी काठोकाठ भरली आहे, एका माणसाला पलीकडे जायचे आहे, आणि तो या काठावर उभा राहून पलीकडच्या काठाला, इकडे ये, इकडे ये, अशा हाका मारतो. त्याच्या हाकांनी, विनवण्यांनी, स्तुतीने तो काठ येईल काय? वासेट्ठ म्हणतो, नाही. हे सुत्त मी इतरांच्या यज्ञ-मंत्रांवर बोलताना नेहमी सांगत आलो, आणि आपण हसून दाद देत आलात. त्या दिवशी काठाला हाका मारणारा मीच होतो आणि माझ्या तोंडी पाली भाषा होती. भाषा पाली असली म्हणून काठ येतो असे थोडेच आहे?

तराफ्याचा दृष्टांतही आपण ऐकला आहे. मज्झिमनिकायातल्या अलगद्दूपम सुत्तात तो येतो. पलीकडे गेल्यावर तराफा डोक्यावर घेऊन फिरू नये, एवढेच सगळ्यांना पाठ असते. पण तो माणूस पलीकडे गेला कसा? गवत, काटक्या, फांद्या त्याने स्वतः गोळा केल्या, स्वतः बांधल्या, आणि हातांनी व पायांनी प्रयत्न करीत तो पार झाला, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. हे हातपाय आपण प्रवचनातून गाळतो. मी तरी आजवर गाळले.

मी वल्हे उचलले. तेवढ्यात डावीकडची एक नाव लाटेला आडवी झाली आणि उलटली. दोन मुले पाण्यात. त्यातल्या एकाने उकाड्याने जॅकेटचे पट्टे सैल केले होते; ते त्याच्या कानापर्यंत वर सरकले आणि तोंड पाण्याखाली जाऊ लागले. दोघांनाही पोहता येत नव्हते. ती नर्सिंगची मुलगी ओरडली, “नाव सोडू नका! नाव धरा!” तिने आपल्या नावेचे तोंड वळवून त्यांच्याजवळ आणले, पट्टे सैल असलेल्या मुलाला दंडाला धरले, आणि तिच्या जोडीदाराने एका हाताने त्याचे जॅकेट खाली ओढून पट्टा आवळला. मग तिनेच सर्वांना सांगितले, की ज्या काठावरून निघालो तो विसरा, उजव्या हाताचा उंचवटा जवळ आहे, तिकडे चला. तिला मी पुढारी नेमले नव्हते. सगळ्या नावा तिच्यामागे वळल्या, माझीही. उलटलेल्या नावेला धरून ती दोन मुले पाय मारीत आली.

काठाला लागलो आणि पाऊस कोसळला. एका शेतकऱ्याच्या गोठ्यात चौदाही जण उभे राहिलो. गडगडाट थांबल्यावर मुले पुन्हा पाण्याकडे निघाली, तेव्हा तिने आणखी अर्धा तास कुणाला हलू दिले नाही. शेवटच्या गडगडाटानंतरही वीज पडू शकते. साडेचारला मामा काठाकाठाने चिखल तुडवीत आले. त्यांनी डोकी मोजली. चौदा भरली तेव्हा खाली बसले आणि तंबाखू मळली. मला एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी आभाळ धुऊन निघाले, तुंग सोनेरी झाला, पाण्यावर तरंग नव्हता. मुलांनी त्याचे फोटो काढले. तेच फोटो आपण सर्वांनी पाहिले आहेत.

ज्या दोन घरची मुले पाण्यात पडली, त्या आई-वडिलांची मी घरी जाऊन क्षमा मागितली आहे. त्या मुलीची क्षमा आज इथे, सर्वांदेखत मागतो. ताई, तुला हाताने बसवले, ते माझे चुकले. यापुढे या विहारात कुणीही बोलत असो, ज्याला ढग दिसेल त्याने उठून सांगावे. बोलणाऱ्याने त्याच क्षणी थांबून मागे वळून पाहावे.

मंगळवारी मी महापालिकेच्या जलतरण तलावात नाव घातले. वय अठ्ठावन्न. शिकवणारा मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा असेल. गळ्यापर्यंत पाण्यात, काठाची नळी दोन्ही हातांनी धरून मी उभा असतो आणि तो रोज म्हणतो, “काका, नळी सोडा.” अजून सुटलेली नाही. वस्तीतली नऊ मुले माझ्याबरोबर येतात, त्यांतल्या दोघांची सुटली. पुरुषांसाठी सकाळी सहाची वेळ आहे, उपासिकांसाठी संध्याकाळी पाचची. ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी आज वंदनेनंतर त्या ताईकडे द्यावे, वही तिच्याकडे आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.