सातवा पावसाळा

हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला, पाचनईच्या बाजूला, एक म्हातारा वाटाड्या राहत होता. कारवीच्या काठ्यांचा कूड, वर शेणाचं लिंपण, असं त्याचं घर. आलेल्या मंडळींना गडावर न्यायचं, कोकणकडा दाखवायचा आणि अंधाराच्या आत खाली आणायचं, हा त्याचा नेम.

एका श्रावणात एक तरुण त्याच्यासोबत निघाला. पायांत बळ होतं, मनात घाई. वाट वळणं घेत चढत होती. तरुण मात्र वळण तोडून सरळ कारवीत घुसायचा आणि वर जाऊन म्हाताऱ्यासाठी थांबायचा.

"मामा, इकडून या की. दहा मिनिटं वाचतात."

"वाचत्यात," म्हातारा म्हणाला. तो खाली बसला. पायाखाली आडवी झालेली कारवी त्यानं उभी केली, बुडाशी माती दाबली. "हिला सहा पावसाळे झाले. फुडल्या साली फुलंल. सात वर्सांत एकदाच फुलती, बी धरती आन् मरती. बोंडं उन्हाळाभर वाळत्यात, पयल्या पावसात तडतडून फुटत्यात. तवा बी रुजतं."

"पण मामा, सगळा डोंगर कारवीनंच भरलाय."

म्हातारा बोलला नाही. त्यानं तरुणाला पुढच्या वळणावर नेलं. तिथं लोकांनी पाडलेली एक सरळ वाट होती. कारवी गेली, मुळं गेली, मग पावसाचं पाणी त्याच वाटेनं धावलं. माती वाहून नुसते धोंडे उरले होते.

"ही बी कुणा एकानंच सुरू केली आसंल," म्हातारा म्हणाला आणि तिच्या तोंडाशी दगड रचू लागला. थोड्या वेळानं तरुणानंही पाठीवरची पिशवी उतरवली.

पुढच्या वर्षी तो पुन्हा आला. डोंगर जांभळा झाला होता, मधमाश्या घोंगावत होत्या. त्या फुलोऱ्यातून धोंड्यांचा तो उघडा पट्टा सरळ वर गेला होता.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 साली झालं आणि या रानाला कायद्याचं संरक्षण मिळालं. वळण तोडायचं की नाही, हे मात्र चालणाऱ्यालाच दर पावलाला ठरवावं लागतं. त्याची वाचलेली दहा मिनिटं कुणाच्या तरी सहा पावसाळ्यांतून जात असतात.

मागून पोरांचा एक घोळका आला. पुढचा मुलगा रचलेले दगड ओलांडू लागला. तरुणानं त्याला हाक मारली, जवळ बसवलं आणि कारवीचं वय सांगायला सुरुवात केली.